होम थिएटरचा सबवूफर सारखा बंद पडतोय? आधी तो कधी बंद पडतो ते बघा

बाकीचे सगळे स्पीकर नीट वाजतायत, डायलॉग ऐकू येतायत, आणि सबवूफर मात्र मधेच गप्प होतो, मागे वाकून बघितलं तर हिरवा लाईट लाल झालेला किंवा पार विझलेला. बटण बंद-चालू केलं की परत सुरू होतो आणि थोड्या वेळाने परत तेच. माझ्या सबने हा प्रकार सुरू केला तेव्हा ज्याला विचारावं तो वेगळं सांगायचा, कोणी म्हणे फ्यूज बघ, कोणी म्हणे कपॅसिटर गेले, कोणी म्हणे नवाच घे, पण आधी काय तपासायचं आणि नंतर काय हे धड कोणीच सांगत नव्हतं. नवीन माणसाचा गोंधळ तिथेच होतो, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. "चालू राहत नाही" हा एकच बिघाड नाहीये, ते तीन वेगवेगळे बिघाड आहेत आणि बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. एकात सब बिघडलेलाच नसतो, त्याला सिग्नल पुरेसा मिळत नाही म्हणून तो स्वतःहून स्टँडबायला जातो. दुसऱ्यात तो स्वतःला वाचवायला बंद होतो. आणि तिसऱ्यात त्याला करंटच नीट मिळत नाही, म्हणजे दोष बाहेर प्लगमध्ये असतो नाहीतर आत बोर्डवर. कुठला बिघाड आहे हे न ठरवता स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका, कारण पहिल्या प्रकारातले कितीतरी चांगले सब लोकांनी उगाच उघडलेत.

हाताशी काय काय ठेवायचं

- सबच्या मागचा मॉडेल नंबर, त्याचा फोनने फोटो काढून ठेवा म्हणजे दरवेळी वाकायला नको
- सबचं आणि रिसीव्हरचं (म्हणजे ज्या डब्याला सगळे स्पीकर जोडतात त्याचं) मॅन्युअल, लाईटच्या रंगाचा अर्थ त्यातच असतो आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा
- वॉरंटी चालू असेल तर बिल आणि वॉरंटी कार्ड
- टॉर्च, आणि नेहमीचा साधा स्क्रू ड्रायव्हर
- एक जादाची आरसीए केबल (मधे एक पिन आणि भोवती गोल कडं असलेली, रिसीव्हरपासून सबपर्यंत सिग्नल नेणारी), शक्यतो खात्रीने चालणारी
- फोन, आणि फोनच्या हेडफोन पिनपासून आरसीएपर्यंत जाणारी केबल
- साधा डिजिटल मल्टिमीटर (पायरी ३ मध्ये फ्यूज बघायला आणि पायरी ७ मध्ये लागेल)
- पेन्सिल सेलसारखा दीड व्होल्टचा एक सेल

वही-पेन नाहीतर फोनमधली नोट पण घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. केबल पण बदलली, सॉकेट पण बदललं, सेटिंग पण बदलली आणि सब चालू राहिला तर नक्की कशाने राहिला ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात परत बंद पडला की पहिल्यापासून सुरुवात.

१. तुमचा सब स्वतःचा करंट घेतो का ते बघा

सबच्या मागून पॉवरची वायर निघून थेट सॉकेटमध्ये जात असेल तर तो ॲक्टिव्ह सब, म्हणजे त्याच्या पाठीला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर स्वतःचा ॲम्प्लिफायर बसवलेला आहे, त्याला प्लेट ॲम्प म्हणतात. खालचं बहुतेक सगळं याच प्रकारासाठी आहे.

एकाच डब्यात आलेल्या सेटमधल्या काही सबना पॉवरची वायर नसतेच, फक्त स्पीकरची दोन तारांची वायर असते. तो पॅसिव्ह सब, त्याला स्वतःहून "बंद" व्हायला काही नाहीच. तो गप्प झाला तर रिसीव्हरकडे बघा, त्याच्या डिस्प्लेवर प्रोटेक्ट असं काही येतंय का. येत असेल तर थेट पायरी ७ ला जा, त्यातलं वायरीचं आणि स्पीकरचं तुम्हाला पण लागू आहे.

२. कधी बंद पडतो ते लिहा

ही पायरी कंटाळवाणी वाटते पण अर्धं निदान इथेच होतं. दोन-तीन वेळा नेहमीसारखं वापरा आणि एवढंच बघा: सुरू केल्यापासून किती वेळाने गेला, त्या वेळी आवाज मोठा होता का बारीक, जाताना "टक" असा आवाज आला का, लाईट कुठल्या रंगाचा झाला, आणि परत सुरू करायला काय करावं लागलं.

आता हे असं वाचा. शांत सीन चालला होता किंवा रात्री आवाज कमी ठेवला होता, साधारण पंधरा-वीस मिनिटांनी लाईट लाल झाला, आणि मोठा आवाज आला की सब आपोआप जागा झाला, तर हे ऑटो स्टँडबायचं काम, सब ठीक आहे. धडाम आवाज झाला आणि त्याच क्षणी टक करून गेला, तर प्रोटेक्शन, म्हणजे तो स्वतःला वाचवतोय. आवाजाशी काहीच संबंध नाही, कधी दोन मिनिटांत जातो कधी तासाने, लाईट मिणमिणतो किंवा सुरू करतानाच टक-टक-टक असं होतं, तर करंट किंवा बोर्ड.

३. भिंतीतल्या सॉकेटपासून सबपर्यंत करंट तपासा

सब एक्स्टेंशन बोर्डावर असेल तर तिथून काढा आणि थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. तेवढ्याने पण कधीकधी काम होतं. काही एक्स्टेंशन अशा असतात की मुख्य सॉकेटवरचं उपकरण, म्हणजे बहुधा टीव्ही, कमी करंट घ्यायला लागलं की बाकीची सॉकेट्स त्या आपोआप बंद करतात. टायमर किंवा स्मार्ट प्लग मधे असेल तर तो पण काढा. जुन्या रिसीव्हरच्या मागे पॉवरचं सॉकेट दिलेलं असतं, त्यात सब लावलेला असेल तर तोही काढून भिंतीत लावा, ती सॉकेट्स एवढ्या लोडसाठी नसतात आणि रिसीव्हर झोपला की ती बंद होतात.

मग सबच्या मागे वायर जिथे घुसते तिथे बघा. ही वायर बऱ्याचदा काढता येणारी असते आणि सब सतत हादरत असल्यामुळे ती हळूहळू बाहेर सरकते. सब चालू ठेवून वायर हलक्या हाताने हलवा, लाईट मिणमिणला तर सॉकेट किंवा वायर ढिली आहे. तसलीच दुसरी वायर घरात सापडते, मॉनिटरला नाहीतर टेपला असते, ती लावून बघा.

त्याच जागी फ्यूजची छोटी खाच असते. वायर भिंतीतून काढून फ्यूज बाहेर काढा. तार तुटलेली दिसली तर फ्यूज गेला, पण तार दिसत असली तरी मल्टिमीटरने कंटिन्युइटी, म्हणजे तार आतून सलग आहे का, बघितलेली बरी. नवा फ्यूज टाकताना पत्र्यावर छापलेला ॲम्पिअरचा आकडाच टाका आणि त्यापुढे टी अक्षर असेल तर स्लो ब्लो प्रकारचाच घ्या, कारण सुरू होताना सब क्षणभर जास्त करंट ओढतो आणि फास्ट प्रकारचा फ्यूज त्यात उगाच उडतो. नवा फ्यूज पण लगेच उडाला तर तिथेच थांबा. मोठ्या आकड्याचा फ्यूज टाकणं किंवा तार गुंडाळून काम भागवणं अजिबात करू नका, आत शॉर्ट आहे आणि फ्यूज तुम्हाला तेच सांगतोय. पत्र्यावर ११५ आणि २३० असा व्होल्टेजचा स्विच असेल तर तो तुमच्याकडच्या व्होल्टेजवरच आहे ना तेही बघून घ्या.

४. ऑटोवरून ऑनवर, सगळ्यात महत्त्वाची चाचणी

सबच्या पाठीवर मुख्य स्विचशिवाय अजून एक छोटा स्विच असतो, त्यावर ऑन आणि ऑटो असे दोन पर्याय असतात, काहींना तिसरा ट्रिगर असा पण असतो. तो स्विच ऑनवर करा, सिग्नलची आरसीए केबल काढून टाका, व्हॉल्यूमचा नॉब अगदी खाली आणा, आणि सब तासभर तसाच सोडून द्या.

तासभराने लाईट तसाच असेल तर पॉवर सप्लाय बहुतेक चांगला आहे, पायरी ५ ला जा. काहीही न वाजवता बंद पडला तर पायरी ३ परत एकदा नीट करा आणि मग थेट ८. आणि शांत असताना चालू राहतो पण केबल लावून बेस वाजवला की जातो, तर पायरी ७.

स्विच चुकून ट्रिगरवर असेल तर सब १२ व्होल्टच्या वेगळ्या वायरची वाट बघत बसतो. ती वायर रिसीव्हरच्या ट्रिगर आउटमधून हेडफोनसारख्या पिनने येते. वायर लावलेली नसेल तर तो सुरूच होणार नाही. पण रिसीव्हरला हे सॉकेट असेल तर माझ्या मते सब चालू-बंद करायची सगळ्यात खात्रीची पद्धत हीच, कारण मग सिग्नल किती आला याच्याशी काही देणंघेणं राहत नाही, रिसीव्हर चालू तर सब चालू.

ज्या सबना ऑन असा पर्यायच नाही त्यांची चाचणी फोनवरून करा, ५० हर्ट्झच्या आसपासचा सलग टोन बारीक आवाजात वाजवत ठेवा आणि तेच तासभर बघा.

ऑनवर राहतोय तर कायमचा तिथेच ठेवला तर चालेल का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. चालतो. वीज थोडी जास्त जाते, बाहेर जाताना भिंतीवरचं बटण बंद करा म्हणजे झालं. मुळात ही ऑटोची भानगड वीज वाचवायलाच आहे, युरोपियन युनियनमध्ये तर २०१३ पासून अशा उपकरणांनी साध्या स्टँडबायमध्ये अर्ध्या वॉटपेक्षा जास्त वीज घ्यायची नाही असा नियम आहे आणि कंपन्या एकच मॉडेल अनेक देशांत विकतात. पण रोज उठून बटण दाबणं जमत नसेल तर ऑटो नीट चालवता येतो, तेच पुढे.

५. ऑटोमध्येच बंद पडत असेल तर सिग्नल वाढवा

ऑटोमध्ये आतलं एक छोटं सर्किट केबलवर सिग्नल आहे का ते सतत बघत असतं. त्याला काही मिलिव्होल्ट तरी लागतात. तेवढे काही मिनिटं मिळाले नाहीत की ते ठरवतं की कोणी ऐकत नाहीये आणि ॲम्प बंद करतं. आता गंमत अशी की हे सर्किट साधारणपणे सबच्या व्हॉल्यूम नॉबच्या आधी बसलेलं असतं, म्हणजे सबचा आवाज मोठा करून काही उपयोग नाही, सिग्नल रिसीव्हरकडूनच मोठा यायला हवा. नवीन माणूस नेमका उलटा जातो, सबचा नॉब वाढवत राहतो.

आणि उलटं जाण्याचा दुसरा तोटा पण आहे. आजकालच्या रिसीव्हरमध्ये माइक लावून ऑटो सेटअप करतात, डेनॉन आणि मरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहामध्ये वायपाओ, तसं. तो सेटअप करताना सबचा नॉब मोठा असेल तर रिसीव्हरला वाटतं सब फारच मोठा वाजतोय आणि तो सबची लेव्हल खाली खेचतो, उणे १०, उणे १२ डेसिबल अशी. मग मोठ्या आवाजात सगळं छान वाटतं, पण रात्री आवाज कमी केला की केबलवर सिग्नल एवढासा उरतो आणि ऑटोचं सर्किट झोपून जातं. बघायला गेलं तर कुठलाही पार्ट खराब नाही.

उपाय असा. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर लेव्हलमध्ये सबवूफरचा आकडा बघा. उणे १० च्या आसपास असेल तर सबच्या मागचा नॉब बराच कमी करा, घड्याळातल्या दोनवर असेल तर नऊ-दहावर आणा, आणि ऑटो सेटअप परत चालवा. आकडा उणे ३ ते ० च्या आसपास येईपर्यंत नॉब थोडा थोडा हलवून परत करा. खोलीत ऐकू येणारा बेस तेवढाच राहतो, फक्त केबलवरून जाणारा सिग्नल कितीतरी मोठा होतो. शून्याच्या खूप वर अधिकमध्ये मात्र नेऊ नका, मोठ्या सीनला रिसीव्हरकडूनच सिग्नल फाटका यायला लागतो.

तेवढ्याने भागलं नाही तर वाय केबल घ्या, एक पिन दोन पिनांत फुटणारी. सबला लेफ्ट आणि राइट अशी दोन इनपुट असतील तर दोन्हीत लावा. बहुतेक सब आत दोन्ही सिग्नल एकत्र करतात, त्यामुळे सिग्नल दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल जास्त मिळतो. हे केल्यावर सबवरचा क्रॉसओव्हरचा नॉब (किती हर्ट्झच्या खालचे आवाज सबने वाजवायचे ते ठरवणारा) एकदम वरच्या आकड्यावर ठेवा, कारण ते काम रिसीव्हर करतोय, आणि लेव्हल परत सेट करा.

आता सेटिंग्ज. ५.१ मधला जो पॉइंट वन आहे, म्हणजे सबसाठीचा वेगळा चॅनल, त्याच्यात १२० हर्ट्झपर्यंतचे खालचे आवाज असतात, पण पिक्चर मिक्स करणाऱ्याने त्यात काही टाकलं असेल तरच. नुसते डायलॉग चाललेत तेव्हा तो चॅनल रिकामा असतो. आणि टीव्हीवरचा साधा स्टिरिओ कार्यक्रम असेल तर तो चॅनल मुळात नसतोच. अशा वेळी सबकडे जे येतं ते बाकीच्या स्पीकरमधून वळवलेला बेस, आणि तो वळवायचा असेल तर रिसीव्हरमध्ये ते स्पीकर स्मॉल वर हवेत, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास. कोणीतरी आपले उभे टॉवर स्पीकर बघून त्यांना लार्ज करून टाकतं, "एवढे मोठे आहेत की", आणि मग गाणी लावली की सबला काहीच मिळत नाही, वीस मिनिटांत लाल लाईट. स्मॉल म्हणजे स्पीकर लहान आहे असं नाही, खालचा बेस सबकडे पाठव एवढाच त्याचा अर्थ आहे. डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट मोड लावलेला असेल तरी बऱ्याच रिसीव्हरमध्ये हे वळवणं बंद होतं, तेही तपासा.

रिसीव्हरला स्वतःला पण ऑटो स्टँडबाय आणि इको मोड असतात. तोच झोपत असेल तर सबचा काय दोष, मेनूत जाऊन ते बंद करून बघा.

६. केबल, आणि वायरलेस असेल तर जोडणी

केबलची परीक्षा सोपी आहे. सब ऑनवर, व्हॉल्यूम अगदी बारीक, रिसीव्हरकडचं टोक काढा आणि मधल्या पिनेला बोटाने स्पर्श करा. घुंऽऽ असा आवाज आला तर केबल आणि सबचं इनपुट दोन्ही जिवंत आहेत. नाही आला तर जादाची केबल लावून परत करा. त्या केबलने आवाज आला तर जुनी फेकून द्या, मधून तुटलेली आरसीए केबल फार दिवस त्रास देते कारण ती कधी लागते कधी लागत नाही आणि संशय सबवर जातो. केबल रिसीव्हरच्या सबवूफर आउटमध्येच आहे ना, शेजारच्या दुसऱ्या आउटमध्ये नाही ना, हेही बघा.

साउंडबारबरोबर आलेल्या वायरलेस सबला हे सगळं नसतं. तिथे लाईट स्थिर म्हणजे जोडलेला, लुकलुकतोय म्हणजे साउंडबारला शोधतोय, बहुतेकांचं असंच असतं. दोन्हीचे प्लग काढा, थोडं थांबा, आधी साउंडबार मग सब सुरू करा, तरी नाही जोडला तर सबच्या मागचं पेअरिंगचं बटण मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढा वेळ दाबून धरा. वायफाय राउटरच्या शेजारी किंवा लोखंडी कपाटाच्या मागे सब ठेवलेला असेल तर हलवा. साउंडबार बंद केल्यावर थोड्या वेळाने सब पण बंद होतो, ते तसंच अपेक्षित आहे.

७. मोठ्या आवाजाला टक करून जात असेल तर

हे प्रोटेक्शन. ॲम्पला आतून कळलंय की काहीतरी जास्त तापतंय किंवा करंट जास्त ओढला जातोय, आणि तो जळण्याआधी स्वतःला तोडतो. परत परत चालू करून "चालतोय का" बघू नका, प्रत्येक वेळी तेच घाव बसतात.

आधी उष्णता. सब वाजवल्यावर मागच्या पत्र्याला हात लावा, कोमट ठीक, हात ठेवता येत नाही एवढा गरम असेल तर वांधे आहेत. सब भिंतीला चिकटवलेला, पडद्यात गुंडाळलेला किंवा बंद कपाटात कोंबलेला असेल तर बाहेर काढा, मागे वीतभर तरी जागा सोडा. बेस बूस्ट, टोन कंट्रोल, फोनमधला इक्वलायझर हे सगळं शून्यावर आणा आणि परत बघा.

मग स्पीकर. वॉरंटी चालू असेल तर इथेच थांबून सर्व्हिस सेंटरला फोन करा, पुढचे स्क्रू काढले की ती बहुधा गेली. नसेल तर प्लग भिंतीतून काढा, दहा मिनिटं थांबा, आणि समोरचा स्पीकर चार किंवा आठ स्क्रू काढून अलगद बाहेर घ्या. मागच्या दोन वायरींचा फोटो काढा, कुठली लाल खुणेवर होती ते नंतर आठवत नाही. वायरीचा एखादा सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला किंवा लोखंडी फ्रेमला टेकतोय का बघा. ही इतकी साधी गोष्ट असते, केसासारखा एक तंतू, बारीक आवाजात काही होत नाही आणि कोन जोरात हलला की तो टेकतो आणि सब बंद.

वायरी काढून स्पीकरच्या दोन टर्मिनलमध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा. ४ ओहमचा स्पीकर साधारण ३ ते ३.६ दाखवतो, ८ ओहमचा साडेपाच ते ७. एकापेक्षा कमी आला तर कॉइल (कोनला हलवणारं तारेचं वेटोळं) शॉर्ट, काहीच नाही आला तर कॉइल तुटली. आकडा बरोबर असेल तर दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून हळूच आत दाबा, खरखर घासल्यासारखं लागलं तर कॉइल जळून फुगलीये किंवा तिरकी झालीये. आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलला लावा, कोन टप करून हलला पाहिजे.

स्पीकर चांगला निघाला तर सुट्या वायरींच्या टोकांना वेगवेगळी टेप लावा म्हणजे त्या एकमेकींना लागणार नाहीत, सिग्नल न देता सब चालू करा. स्पीकर नसताना पण प्रोटेक्टमध्ये जातोय म्हणजे दोष नक्की ॲम्पमध्ये.

८. आता बोर्ड, पण फक्त डोळ्यांनी

इथे जपून. आजकालच्या प्लेट ॲम्पमध्ये स्विचिंग पॉवर सप्लाय असतो आणि २३० व्होल्टच्या लाइनवर त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी भरलेला असतो. प्लग काढल्यावर तो उतरायला हवा, पण सप्लायच बिघडलेला असेल तर उतरेलच असं नाही. म्हणून प्लग काढून बराच वेळ जाऊ द्या, पत्रा बाहेर घ्या, आणि बोर्डला बोट लावू नका. बघायला टॉर्च आणि वास घ्यायला नाक एवढं पुरतं.

काय बघायचं: कपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं, मधल्या खाचेवर फुटलेलं, बुडाशी चिकट काही गळलेलं दिसलं तर तो गेला. नुसत्या मोठ्या कपॅसिटरवर जाऊ नका. खरा दोषी बऱ्याचदा स्टँडबाय सप्लायमधला करंगळीच्या पेराएवढा छोटा कपॅसिटर असतो, कारण तो सब झोपलेला असताना पण चोवीस तास काम करतो. त्याच्या शेजारी एखादा जाड रेझिस्टर असतो आणि त्याच्याखाली बोर्ड करपून कॉफीच्या रंगाचा झालेला दिसतो. माझ्या सबमध्ये नेमकं हेच होतं, वरून सगळं ठीक, आणि टॉर्च तिरका धरल्यावर रेझिस्टरखालचा काळा डाग आणि त्याला लागून असलेल्या छोट्या कपॅसिटरचं डोकं किंचित वर आलेलं दिसलं.

अजून एक जागा बघा. सब हादरतो म्हणून कंपन्या मोठे पार्ट पिवळट गोंदाने चिकटवतात. तो गोंद वर्षानुवर्षं तापून तपकिरी आणि टणक झाला की कधीकधी त्यातून करंट वाहायला लागतो आणि खालचे पाय गंजतात. मग सब मनात येईल तेव्हा बंद पडतो, आणि चांगला मेकॅनिक पण पार्ट बदलत राहतो, गोंद खरवडायचं राहून जातं.

लक्षणावरून पण बरंच कळतं. सुरू व्हायला वेळ लागतो, टक-टक करतो, आणि एकदा तापला की बरा चालतो, तर कपॅसिटर. थंड असताना चालतो आणि तापल्यावर जातो, पत्र्यावर टिचकी मारली की परत येतो, तर सोल्डरला तडा गेलाय, विशेषतः जड पार्टच्या आणि रिलेच्या (टक आवाज करणाऱ्या आतल्या स्विचच्या) पायांशी.

९. मेकॅनिककडे नेताना, किंवा प्लेट बदलताना

सोल्डरिंग येत असलं तरी मेन्सच्या, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या विजेच्या, सप्लायवर पहिल्यांदा हात साफ करू नका, हे काम येणाऱ्याकडे द्या. फक्त "बंद पडतो" असं सांगू नका, पायरी २ मधली नोट दाखवा, स्पीकरचे मोजलेले ओहम सांगा, आणि ऑनवर काय झालं ते सांगा. सगळा सब न्यायची गरज नसते, स्पीकर चांगला ठरला असेल तर नुसती प्लेट काढून न्या, पण वायरी किती आणि कुठे होत्या त्याचा फोटो सोबत ठेवा.

कपॅसिटर बदलायला सांगाल तर मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि ८५ ऐवजी १०५ डिग्रीचे टाकायला सांगा. एक गेलाय तर त्या भागातले सगळेच छोटे बदलून घ्या, बाकीचे पण त्याच वयाचे आहेत. तपकिरी गोंद काढायला आवर्जून सांगा.

बोर्ड दुरुस्त होण्यापलीकडे गेला असेल तरी खोका आणि स्पीकर टाकून देऊ नका. नवी प्लेट ॲम्प वेगळी मिळते. घेताना खोक्याला मागे कापलेल्या भोकाची लांबी-रुंदी, आत किती खोली आहे, स्पीकर किती ओहमचा आणि किती वॉटचा, हे मोजून घ्या. प्लेट नवी असो की दुरुस्त केलेली, बसवताना तिच्या कडेची स्पंजची पट्टी फाटली असेल तर नवी लावा आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. मग ४० हर्ट्झच्या आसपासचा टोन मध्यम आवाजात वाजवा आणि प्लेटच्या चारही कडांवरून हात फिरवा, पण हात कोरडाच हवा, शेजारी मेन्सची वायर आहे. कुठे हवेची फुसफुस लागली तर तिथला स्क्रू अर्धा आटा अजून आवळा.